नाल्याच्या अलीकडे कोलाम

आयुष्यभर मी लोकांचे अर्ज नापास केले. माणसं नापास करणं हे मास्तरांचं काम, अर्ज नापास करणं आमचं. दफ्तरात त्याला छाननी म्हणतात. यवतमाळातलं कोणतं दफ्तर ते विचारू नका, पेन्शन अजून तिथूनच येते.

संपादकांनी पत्रात लिहिलं की राखीव जागा, गुणवत्ता, न्याय-अन्याय यांवर हल्ली फार वाद चालतात, तुम्ही ते काम हाताने केलेलं, तेव्हा निर्भीडपणे लिहा. निर्भीडपणाला आता माझी हरकत नाही. ज्यांना भ्यायचो त्यांतले साहेब वारले. राहिली बायको, तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि हा अंक घरी आला की चष्मा कुठे ठेवायचा ते मी ठरवून ठेवलं आहे.

आधी धंदा समजून घ्या. आमच्याकडे नॉर्मल स्कूलच्या प्रवेशाचे अर्ज यायचे. नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तर तयार करायची शाळा. सातवी पास झालेल्या पोराने तिथलं शिक्षण पुरं केलं की त्याला खेड्यातल्या शाळेत नोकरी जवळजवळ ठरलेली. जागा मूठभर, अर्ज पोतंभर. त्या पोत्याचे दोन गठ्ठे व्हायचे, खुल्या जागांचा आणि राखीव जागांचा. मग बाबूने, म्हणजे मी, लाल पेन्सिल घेऊन एकेक अर्ज वाचायचा आणि त्रुटी काढायची. बापाचं नाव बरोबर असलं तर सही भलत्या जागी, सही बरोबर असली तर जन्मतारीख दोन कागदांवर दोन. त्रुटी नसलेला अर्ज मी तीस वर्षांत पाहिला नाही. खरी कला पुढेच आहे. त्रुटी सगळ्यांतच असते, पण कोणाची दिसली आणि कोणाची दिसली नाही, हे बाबूने ठरवायचं असतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एकाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडला होता. खाली गावच्या पोलीस पाटलाची सही, आणि पोलीस पाटील त्याचाच बाप. दाखल्यात लिहिलं होतं, 'सदर इसमास मी जन्मापासून ओळखतो.' आता यात खोटं काय काढणार? मी तो दाखला मंजूर केला.

एक वकीलसाहेब आले होते पुतण्यासाठी. अर्धा तास माझ्यासमोर बसून त्यांनी सांगितलं की राखीव जागांनी गुणवत्तेचं वाटोळं होणार, उद्या शाळेत कोणीही शिकवेल, देश बुडेल. बोलून दमले, तेव्हा कोटाच्या खिशातून एका पुढाऱ्याची चिठ्ठी काढून हळूच माझ्या टाकाखाली सरकवली. मी म्हटलं, 'वकीलसाहेब, ही गुणवत्ता कोणत्या रकान्यात लिहू?' म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, 'चहा घेता का?'

आणि मला हसायचा हक्क तरी काय होता? मी स्वतः दिग्रसकडचा कास्तकाराचा पोरगा, मामा कचेरीत साहेबांचे पेशकार होते म्हणून दफ्तरात लागलो. मुलाखतीत साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला होता, 'मामा बरे आहेत ना?' मी म्हटलं, 'बरे आहेत.' उत्तर बरोबर आलं आणि नोकरी लागली. तिला राखीव जागा म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही.

आता मुद्द्याचा नियम सांगतो. आमचा जिल्हा नागपूरचा हात सोडून मुंबईकडे गेला त्या सुमाराला आदिवासींची यादी आली. तिच्याप्रमाणे आमच्या जिल्ह्यात गोंड, कोलाम वगैरे मंडळी यवतमाळ, केळापूर आणि वणी या तीन तालुक्यांत आदिवासी. दारव्हा आणि पुसद या दोन तालुक्यांत नाहीत. माणूस तोच, बोली तीच, देव तोच, पण तालुक्याची शीव ओलांडली की यादीतून बाहेर. काहून, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सरकारला 'काहून' विचारणारा बाबू पेन्शनीपर्यंत पोचत नाही.

अशा त्या दिवसांत एका जेठातल्या दुपारी सोमा टेकाम माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. वीस-एकवीस वर्षांचा कोलाम पोरगा, केसांना चोपून तेल, अंगात कोणाचा तरी मागून आणलेला ढगळ सदरा. मान खाली, नजर माझ्या टेबलावर. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. त्या भागातल्या पोडांवरून सातवी पास होऊन आलेला हा पहिलाच.

अर्ज सुरेख अक्षरात होता. मी त्रुटी शोधायला लागलो आणि पत्त्यावर येऊन थांबलो.

'राह्यतं कोठी?'

'मोहापोडले जी.'

'तालुका?'

'दारव्हा.'

मी चष्मा काढून ठेवला. 'मंग तू आदिवासी नाहीस बाप्पा.'

'मी कोलाम हाय जी.'

'कोलाम असशीन. पण दारव्हा तालुक्यातला कोलाम आदिवासी नसते.'

'मंग मी कोण हाय जी?'

'ते अजून वरून आलं नाही,' मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे बडेबाबू खो खो हसले.

चौकशीत निघालं ते असं. पोरगा जन्मला, वाढला, शिकला यवतमाळ तालुक्यात. बाप मेला, घर पडलं. मग लग्न झालं आणि सासऱ्याकडे राहायला गेला. त्यांच्यात रीत होती की जावयाने तीन पावसाळे सासऱ्याच्या घरी राबायचं, तेव्हा बायको पुरती त्याची. सोमाचे दोन पावसाळे झाले होते, तिसरा तोंडावर आला होता. आणि सासऱ्याचं पोड होतं एका नाल्याच्या पलीकडल्या काठावर. तो नाला म्हणजेच तालुक्याची शीव. पोराने लग्न केलं आणि आदिवासी राहिला नाही.

आता खरं सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. या अडचणीवरचा कागद आठ दिवसांपूर्वीच आला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की लग्नासाठी किंवा कामासाठी दुसरीकडे गेलेल्या उमेदवाराचं मूळ गाव, म्हणजे बापाचं गाव धरावं. तो कागद त्या वेळी माझ्यापुढे उघडा पडलेला होता. सोमाचा बाप यवतमाळ तालुक्यातला, म्हणजे काम एका ओळीचं. मी काय केलं? तो कागद उचलून पुठ्ठ्याखाली सारला.

कारण होतं माझा मेव्हणा, प्रभाकर. खुल्या गठ्ठ्यात त्याचा अर्ज होता आणि त्याचा नंबर थोडक्यात हुकला होता. पण राखीव जागेला उमेदवार मिळाला नाही तर ती जागा खुल्यातल्या पुढच्या नंबराला जायची, आणि पुढचा नंबर प्रभाकरचा. सोमापेक्षा त्याला अकरा मार्क जास्त होते. हे अकरा मार्क आमच्या घरी रोज जेवताना वाढले जात. 'अहो, अकरा मार्क जास्त आहेत म्हणते मी, अन् तरी माझा भाऊ घरी बसते, हा काय न्याय आहे?' बायको, कमल, विचारायची. आमच्याकडे म्हणतातच, सारी खुदाई एक तरफ, जोरू का भाई एक तरफ.

तर मी सोमाला म्हटलं, 'पंधरा दिवसात यवतमाळ तालुक्यात राहून राह्यलो असा पुरावा आण.'

'सासऱ्याचं घर सोडलं तं बायको जाते जी.'

'मंग ठरव. बायको पाह्यजे का नोकरी.'

बडेबाबू पुन्हा हसले, मीही हसलो. सोमा हसला नाही. पुठ्ठ्याकडे एकदा पाहिलं, राम राम केला आणि गेला.

त्या दिवशी घरी शेवयांची खीर झाली. प्रभाकर दोन वाट्या खाऊन हळूच म्हणाला, 'भाऊजी, नाही जमलं तरी चालन बरं का.' मला वाटलं, काय गुणाचं पोरगं आहे! तिसरी वाटी मीच वाढली त्याला.

बाराव्या दिवशी त्याच सुरेख अक्षरात अर्ज आला. 'मोहापोड ही वस्ती आता नाल्याच्या अलीकडे, यवतमाळ तालुक्यात आली आहे. मी सासऱ्याच्याच घरी राहतो व ते घर यवतमाळ तालुक्यात आहे. जागेवर येऊन मौका पाहावा ही विनंती.'

मी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. म्हणाले, 'अहो, गाव कसं सरकेल? गाव म्हणजे काय फाईल आहे?'

मी म्हणणार होतो की साहेब, आमच्याकडे फाईलच सरकत नाही. पण तोवर मौका पाहायचा हुकूम मलाच झाला.

सकाळच्या मोटरीच्या टपावर सायकल टाकली, दारव्हा तालुक्यातल्या फाट्यावर उतरलो, तिथून तीन कोस गाडीवाटेने. ऊन असं की टोपी काढली तरी डोकं भाजे आणि घातली तरी भाजे. मोहापोडाच्या जागी पोचलो तर तिथे पोड नव्हतं. सारवलेल्या चौदा जमिनी होत्या, चौदा चुली होत्या, मधोमध एक मोहाचं झाड, आणि घर एकही नाही. चुलींत राख, पण वर छप्पर नाही. जवळच एक गुराखी बसला होता.

'अबे, इथलं पोड कोठी गेलं?'

त्याने काठीने नाल्यापलीकडे दाखवलं. 'तिकडं. तीन दिसात नेलं. तट्टे, बल्ल्या, कोंबड्या, सारं.'

सायकल खांद्यावर घेऊन कोरडा नाला उतरलो आणि चढलो. वर चौदा घरं ओळीने उभी. तेच जुने बांबूचे तट्टे, ओलं नवं सारवण. पोडाचा नाईक, म्हणजे सोमाचा सासरा, बाजेवर बसून तंबाखू चोळत होता. म्हातारा वाळलेला, पण आवाज खणखणीत. सोमा एका छपरावर चढून गवत बांधत होता. मला पाहून खाली उतरला आणि गुपचूप बाजूला उभा राहिला.

'नाईक, हे काय केलं तुम्ही?'

'काय केलं? पोड उठवलं. देव कोपला म्हून पोड उठते, पटकी आली म्हून उठते. औंदा सरकार कोपलं, म्हून उठलं.'

'एका पोट्ट्याच्या नोकरीसाठी?'

'पोरगी सोडा लागे नाई तं नोकरी. पोरीनं बी नाई म्हटलं, पोट्ट्यानं बी नाई म्हटलं. मंग घरच उचललं. जावई सासऱ्याच्या घरीच हाय न? पाह्यून घ्या.' आणि मग मला जवळ बोलावून विचारू लागला, 'बाबू, मले एक सांगा. या काठावर आमी कोलाम, व्हय?'

'व्हय.'

'त्या काठावर नाई?'

'कोलाम आहा, पण कागदावर नाही.'

'आन् नाल्याच्या मधात उभा राह्यलो तं?'

मी टोपी काढून डोकं पुसलं. नाईक खुशीत आला. 'माहे बैल रोज तिकडं चरा जातात. सांजच्याले वापस येतात तं तेच बैल येतात. तुमचं सरकार लय हुशार बाप्पा.' भोवती जमलेली बायामाणसं हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मी पिशवीतून कागद काढून पंचनामा लिहायला घेतला. शिवेचा दगड पाहिला, घरं मोजली, दिशा लिहिल्या. तेवढ्यात सोमाची बायको डोक्यावर दोन हंडे घेऊन नाला चढून आली, घामाने निथळत होती. मी विचारलं, 'पाणी कुठून आणतं बाई?' ती लाजली. नाईकच म्हणाला, 'जुन्या जाग्यावरून. घरं उचलता आली, इहीर नाई उचलता आली जी.'

माझी पेन्सिल थांबली. चौदा घरच्या बाया त्या उन्हात रोज दोनदा-तीनदा नाला उतरून चढत होत्या, आणि ज्या कागदाने हे सगळं टळलं असतं तो यवतमाळात माझ्या पुठ्ठ्याखाली होता. मला लाज वाटली. आयुष्यात लाज वाटण्याचे प्रसंग बाबूला कमी येतात, म्हणून तो चांगला लक्षात आहे.

मला भाकर आणि चटणी वाढली. जेवता जेवता नाईक सहज बोलल्यासारखं बोलला, 'तुमची नोकरी लागली तवा तुमच्या लोकायनं काय उचललं होतं, बाबू?'

मामाने टाक उचलला होता, चार ओळी लिहिण्यापुरता. पण ते सांगायची हिंमत झाली नाही. मी आणखी एक भाकर मागितली.

पंचनाम्यात मी लिहिलं, 'वस्ती प्रत्यक्ष पाहिली. ती यवतमाळ तालुक्यात असून उमेदवार सासऱ्याच्या घरी राहतो. निम्नस्वाक्षरीकार तिथे जेवला आहे.' जेवल्याचा उल्लेख पंचनाम्यात करत नाहीत. पण साहेबांना तेवढाच पुरावा पटला. म्हणाले, 'म्हणजे चुली पेटतात तर!' आणि सही केली. सोमाला प्रवेश मिळाला.

तो पुठ्ठ्याखालचा कागद? तो मी बाहेर काढला नाही. काढला असता तर साहेबांनी विचारलं असतं की हा इतके दिवस कुठे होता. प्रवेश पुरे झाल्यावर एका दुपारी तो गुपचूप फाईलला लावून टाकला. पोडाला कोणी सांगितलं नाही की परत गेलात तरी चालेल. सांगणारा मीच होतो.

घरी खीर बंद झाली. कमलने आठ दिवस माझ्याशी भिंतीमार्फत बोलणं केलं. 'भिंतीले सांगून देते बाई, जेवण झाकून ठेवलं हाये.' भाजीत मीठ एक दिवस दुप्पट, एक दिवस नाही. त्यात नवव्या दिवशी प्रभाकर आला आणि त्याने माझे पाय धरले. मला वाटलं, आता रडतो. तर म्हणतो, 'भाऊजी, वाचवलं तुम्ही मले! मले मास्तर व्हायचंच नव्हतं. पांढरकवड्याच्या एका ट्रकवाल्यासंगं बोलून ठेवलं होतं म्या. पण ताईले कोण सांगन?' पुढे तो हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवू लागला आणि सुखात राहिला. म्हणजे ज्याच्यासाठी मी हा अन्याय केला त्याला तो न्यायही नको होता आणि अन्यायही नको होता. त्याला ट्रक पाहिजे होता.

सहा-सात वर्षं गेली. त्या भागातल्या शाळांची दप्तरं तपासायला मला धाडलं. नाल्याच्या अलीकडच्या त्या काठावर आता एका खोलीची शाळा होती आणि मास्तर सोमा टेकाम. अंगात स्वतःच्या मापाचा सदरा. मुलांचे आकडे, हजेरी, सगळं चोख. लाल पेन्सिल घेऊन तासभर पाहिलं, त्रुटी सापडली नाही. म्हणजे मी काढली नाही.

पोरं घरी गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, 'गुरुजी, एक गोष्ट सांगायची राह्यली. तुमचं पोड उठवायची काहीच गरज नव्हती.'

'ठाऊक हाय जी.'

'काय ठाऊक?'

'तो कागद न? बापाचं गाव धरा लागते म्हून लिहिलं होतं. शिक्का खालतं होता. तुमच्या पुढ्यातच पडून होता. मी वाचला.'

मी म्हटलं, 'तो तं माझ्याकडे तोंड करून होता. तुमच्याकडून उलटा दिसे.'

सोमा हसला. 'आमच्या शाळेत चार पोट्ट्यांत एकच पुस्तक होतं. तिघं सुलट बाजूनं बसत, माही जागा समोरून. मले आधी उलटंच वाचता आलं, सुलट मांगून शिकलो.'

मी तिथेच बाकावर बसलो. प्रभाकरचे अकरा मार्क आठवले. त्याच्याजवळ स्वतःचं पुस्तक होतं, कंदील होता, शिकवणीला मास्तर येत होते. हा पोरगा उलट्या बाजूने वाचून अकराच मार्कांनी मागे राहिला होता, आणि आम्ही ते अकरा मार्क रोज ताटात वाढून खात होतो.

'मंग गुरुजी, त्याच वक्ती बोलले काहून नाही?'

'बोललो असतो तं तुमी दुसरी त्रुटी काढली असती.' हे त्याने रागाने म्हटलं नाही. पोरांना पाढा सांगावा तसं सांगितलं. 'घरी जाऊन सासऱ्याले इचारलं, काय करू? सासरा म्हणे, बाबू सरकवण्यापरीस पोड सरकवणं सोपं हाय.'

तो हसला, म्हणून मीही हसलो. तेवढ्यात त्याची बायको तांब्याभर पाणी घेऊन आली. थंडगार, गोड पाणी होतं. कुठल्या विहिरीचं, ते मी विचारलं नाही.